माझ्या आईला छंद नाही

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या झाल्या थोरलीच्या वर्गात निबंध लिहून घेतला होता, "माझी आई". माझ्या हातात वही आली ती पालकसभेला. चौथीतल्या पोरीचा निबंध तो, सगळं गोडगोड, आई कोल्हापूरच्या गुजरीत एका सोन्याच्या दुकानात हिशेब लिहिते, आईची अंडाकरी मला आवडते वगैरे, आणि मग सरळ, "बाबांना फुटबॉलचा छंद आहे. आजीला देवाचा छंद आहे. माझ्या आईला छंद नाही. ती रात्री मोबाईल बघते." खाली बाईंचा लाल पेनानं शेरा, "छान!"

आता यात छान काय होतं ते बाईंनाच माहीत.

घरी येऊन वाचून दाखवलं तर नवरा हसून हसून कॉटवर आडवा, आणि सासूबाई म्हणतात, "खरंच की, देवाला तरी कुठं बसतीस तू." म्हणजे आमच्या बाजूनं बोलणारं कुणी नाहीच. नवऱ्याचा फुटबॉलचा छंद म्हणजे काय तर शाहू स्टेडियमला मॅच असली की दुपारपासनं गायब आणि रात्री घसा बसवून घरी यायचं, स्वतः शेवटचा बॉल मारला त्याला दहा वर्षं झाली असतील. पण तो छंद. आणि मी दिवसभर लोकांच्या सोन्याचे हिशेब लिहून, दोन डबे, दोन पोरं, एक सासू एवढं करून रात्री अकराला पाय पसरून वीस मिनिटं मोबाईल बघितला तर निबंधात नाव.

तर इरेला पेटून छंद शोधायला घेतला. पहिले आठ दिवस रंकाळ्याला फिरायला जायचं ठरलं, पहाटे जमेना म्हणून संध्याकाळी, संध्याकाळी पोरं मागं लागली, मग फिरणं कमी आणि भेळ जास्त व्हायला लागली. मग ते मंडला आर्टचं पुस्तक आणि पेनं मागवली, बारक्यानं त्यातली काळी पेनं घेऊन फ्रीजच्या दारावर गणपती काढला (सोंडेवरनं ओळखला). तो अजून तिथंच आहे, पुसवत नाही आणि पुसून निघतही नाही.

पाऊस लागला तसं रेनकोट काढायला माळ्यावर चढले आणि रेनकोट सापडायच्या आधी सासूबाईंची ट्रंक सापडली. नुसत्या साड्या. जुनी इरकली लुगडी, सुती पातळं, सासऱ्यांची दोन धोतरं. मी म्हटलं आई हे काय करायचं, देऊन टाकायचं का, तर म्हणाल्या, "द्यायचं न्हाई, वाकळ करायची हाय." कधीपासनं करायची आहे? तर माझ्या लग्नाच्या आधीपासनं. त्यांची बोटं आता संधिवातानं वाकलीत, सुईत दोरा दिसत नाही. म्हटलं मला शिकवा. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जसं मी विमान चालवायला शिकवा म्हणाले.

आमच्याकडं वाकळच म्हणतात, गोधडी पुण्याकडं. मी इचलकरंजीची. आई मागावर कांड्या भरायची, बाबा जॉबर होते, म्हणजे माग बंद पडला की ज्याच्या नावानं हाका मारतात तो माणूस. यंत्रमागाच्या खडखडाटात झोपून मोठी झालेली बाई मी, सुट्टीच्या दिवशी माग बंद असले की आम्हाला झोप यायची नाही. त्यामुळं शिवण येत नसलं तरी कापड मला कळतं. वाकळेला सुतीच पाहिजे, सिंथेटिक साडी आत गेली की थर एकमेकांवरनं सरकतात आणि चार धुण्यांत सगळं एका कोपऱ्यात गोळा होतं. आता वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या साडीवर काही लिहिलेलं नसतं, मग बाबांची युक्ती, पदराच्या टोकाचा एक दोरा ओढायचा आणि काडी लावायची. सुती असलं तर कागद जळाल्यासारखा वास येतो आणि बोटानं चोळलं की मऊ राख. पॉलिस्टर असलं तर ते आकसतं, वितळतं आणि टोकाला काळा टणक मणी राहतो. पोरांना हा खेळ एवढा आवडला की बारक्यानं दिवसभरात पडद्याचा, पायपुसण्याचा आणि बाबांच्या टीमच्या जर्सीचा दोरा आणून दिला. जर्सीचा मणी झाला. नवऱ्याला सांगितलं नाही, हे वाचून कळेल आता.

जळवून जळवून निम्म्या साड्या बाद झाल्या. उरलेल्यात एक वाकळ होईना, पोटात घालायला थर कमी पडत होते. हे मी कुणाला मागायला गेले नव्हते हां. मी फक्त शेजारच्या काकूंना बोलता बोलता म्हटलं. संध्याकाळी काकू हातात पिशवी घेऊन दारात, "मी आलो गं, ही दोन पातळं घे, आमच्या म्हातारीची हायेत, पेटीत नुसती जागा अडवून बसल्यात." (आमच्याकडं बायका आलो-गेलोच म्हणतात, थोरलीपण "मी जातो" म्हणते, शाळेत बाई सुधारतात आणि घरी येऊन पुन्हा बिघडते. मी लिहिताना तेवढी आले-गेले लिहिते, बोलताना विचारू नका.) दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या नर्सताईंनी जुनी पांढरी साडी दिली, किराणावाल्या मावशींनी धोतर दिलं आणि वर अर्धा किलो शेंगदाणे, ते का ते माहीत नाही. आमच्या गल्लीत मदत म्हणून कुणी काही देत नाही. "आमच्याकडं अडगळ झालीय", "जास्तीचं झालंय", "खपत नाही" असंच म्हणून देतात. घेणाऱ्याला आभार मानायचीपण सोय ठेवत नाहीत.

ट्रंकेच्या तळाशी एक साडी वेगळी गुंडाळून ठेवलेली होती. फिकट जांभळी, बारीक पांढरी फुलं, साधी सुती. सासूबाईंच्या अंगावर मी ती कधीच बघितली नव्हती. विचारलं तर म्हणाल्या, "ती पुरातली."

आम्ही शुक्रवार पेठेत राहतो, पंचगंगा घाटापासनं चालत पाच मिनिटं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याला नदीचं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या खालच्या खोलीत कमरेच्या वर होतं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, आणि नवरा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत, म्हणजे तो पलीकडं, आम्ही अलीकडं. मी, सासूबाई आणि तेव्हाची एवढीशी थोरली, काकूंच्या बहिणीच्या घरी राजारामपुरीत. दोन खोल्यांत अकरा माणसं. पाणी उतरल्यावर घरात आलो तर जमिनीवर टाचभर चिखल आणि खालच्या कपाटातल्या साड्या पिळल्या तर कॉफी निघावी अशा. मग सगळीकडनं मदतीचे ट्रक आले, कुठनं कुठनं, कपड्यांचे ढीगच्या ढीग. सासूबाई रांगेत उभ्या राहायला तयार नव्हत्या. आयुष्यात कुणाचं नेसलेलं नेसलं नाही म्हणाल्या. एका पोरानं ट्रकवरनंच खाली वाकून ही साडी त्यांच्या हातात ठेवली, "घ्या आजी, चांगली हाय." घेतली. नेसल्या कधीच नाहीत, टाकलीपण नाही. २०२१ ला पुन्हा पाणी आलं, ५६ फुटांवर, तेव्हा बारका पोटात होता, आम्ही सामान आधीच माळ्यावर टाकलेलं, त्यात ही साडीपण होती.

साडीच्या कोपऱ्यात आतल्या बाजूला काळ्या शाईची एक खूण आहे, परीट करतात तशी, एक फुली आणि तिच्या बाजूला दोन टिंबं. आणि फॉल हातानं लावलेला, इतके बारीक टाके की उलट्या बाजूनं दिसतपण नाहीत. म्हणजे जिची होती तिनं आवडीनं नेसली होती, परटाकडं टाकत होती, आणि ट्रकमध्ये देताना धुऊन इस्त्री करून दिली होती, घडी अजून तशीच आहे. थोरली म्हणे ती बाई नाशिकची असणार. का? तर तिला वाटतं म्हणून. बारका म्हणतो पोलीस असणार, कारण टिंबं. दोऱ्याला काडी लावली, मऊ राख झाली. सासूबाई म्हणाल्या, "वरच्या बाजूला घाल. आत नको."

तर अशी ती जांभळी वरच्या बाजूला, खाली सासूबाईंचं इरकल, पोटात काकूंची पातळं, धोतरं, नर्सताईंची पांढरी. बाहेरच्या खोलीत फरशीवर सगळं अंथरलं, चार कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, पितळी तांब्या आणि बारका. तो फार वेळ कोपरा धरून बसत नाही म्हणून मग तिथं तांदळाचा डबा. आधी मोठ्या टाक्यांनी सगळं टाचून घ्यायचं, मग कडेनं धावदोरा सुरू करायचा आणि आत आत फिरत जायचं, दोन ओळींत बोटभर अंतर. मी हिशेबाची बाई, मला राहवलं नाही. सात फूट बाय पाच फूट. पाऊण इंचाचं अंतर धरलं तर ४० फेऱ्या. सगळी मिळून शिवण ५६० फूट. इंचाला तीन टाके म्हणजे २० हजारांच्या वर टाके. हे सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मोजत बसलीस तर व्हायची न्हाई."

पहिल्या फेरीत बोटातनं तीनदा रक्त. अंगुस्तान घालून सुई धरता येत नव्हती आणि काढलं की टोचत होती. पण एक सांगते, दुसऱ्या आठवड्यात कधीतरी रात्री लाईट गेली होती, चार्जिंगचा दिवा लावून मी शिवत होते, पोरं दोन्ही बाजूंना वाकळेवरच झोपलेली, आणि बाराची वेळ झाली तरी मला मोबाईलची आठवण झाली नाही. चार्जिंगही नव्हतं म्हणा.

जुलैत पाणी चढायला लागलं. कोल्हापूरच्या नदीकाठच्या माणसाला दोन आकडे झोपेत विचारा, राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. दर तासाला गल्लीच्या ग्रुपवर आकडा येतो, राधानगरी धरणाचा स्वयंचलित दरवाजा उघडला की तेपण, एका दरवाजातनं १४२८ क्युसेक हे आमच्या थोरलीलापण पाठ आहे, तेराचा पाढा नाही. पस्तीस झाले तशी सासूबाई म्हणाल्या वाकळ वर टाक. मी म्हटलं अजून लांब आहे पाणी. त्यांनी काही न बोलता वरवंटा उचलायला घेतला. मग काय, गुंडाळली, नवऱ्यानं माळ्यावर टाकली. टीव्ही, मिक्सर सगळं खालीच, वाकळ वर. त्यावेळी पाणी आमच्यापर्यंत आलं नाही. पण वाकळेचे दहा-बारा दिवस गेले.

आणि ती खाली काढली त्याच आठवड्यात बारका तापानं फणफणला. पहिले दोन दिवस साधा ताप म्हणून घरी औषध, तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं तर डेंग्यू. प्लेटलेट उतरत होत्या म्हणून ॲडमिट केलं. नवऱ्याची सेकंड शिफ्ट, सुट्टी मिळाली ती एकच दिवस. मी चार दिवस चार रात्री दवाखान्यात. थोरली कुणाकडं जेवली, तिची वेणी कुणी घातली, शाळेत कुणी सोडलं, सासूबाईंच्या गोळ्या कुणी दिल्या, मला काही माहीत नाही. मी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. मला फक्त दोन वेळचा डबा यायचा आणि डबा दरवेळी वेगळा असायचा, त्यावरनं ओळखायचं आज कुणाचं घर.

श्रावण चालू होता. काकू श्रावण एवढा कडक पाळतात की कांदा-लसूणसुद्धा नाही. चौथ्या दिवशी प्लेटलेट वर चढायला लागल्या, डॉक्टर म्हणाले आता हलकंफुलकं काहीपण चालेल, तर संध्याकाळी काकू थर्मास घेऊन आल्या. उघडला तर पांढरा रस्सा! तिखट नाही, मिरी नाही, नुसतं मटणाचं पाणी आणि खोबऱ्याचं दूध. मी बघतच राहिले. म्हटलं काकू श्रावणात? तर म्हणाल्या, "श्रावण माझा हाय, पोराचा न्हवं. मागच्या परड्यात वेगळी चूल मांडून केला. तू गप पाज." डॉक्टरांच्या हलक्याफुलक्यात हे बसत होतं का ते मी विचारलं नाही. बारक्यानं अर्धी वाटी पिऊन पहिल्यांदा "अजून" म्हटलं.

डिस्चार्ज घेऊन घरी आले. पोराला झोपवलं, आंघोळ केली, आणि मग लक्ष गेलं. बाहेरच्या खोलीत वाकळ मी टाकून गेले होते तशीच अंथरलेली, पण मी सातव्या फेरीवर सोडली होती आणि आता ती अठराव्या फेरीवर होती.

खरं सांगते, आधी राग आला. एवढं पोराचं आजारपण, गल्लीनं एवढं केलेलं, आणि मला राग कशाचा आला तर माझी वाकळ मला न विचारता शिवली याचा. एक गोष्ट माझी होती ना. निबंधात लिहायला. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "दुपारच्याला येत होत्या बायका मला सोबत म्हणून. नुसत्या कशा बसतील?"

मग खाली बसून हात फिरवला. अकरा ओळी, आणि एकही ओळ दुसरीसारखी नाही. काकूंचे टाके तांदळाच्या दाण्यासारखे, बारीक, एका मापाचे. नर्सताईंचे घट्ट ओढलेले, कापड थोडं चुणलंय तिथं, बहुतेक जखम शिवायची सवय. मावशींचे लांब लांब, घाईचे, मधेच दोरा संपला की भली मोठी गाठ, गिऱ्हाईक आलं असणार. आणि एक ओळ अशी होती की ती सुरू झाली सतराव्या फेरीत, तिथनं खाली घसरली, सोळावीला जाऊन धडकली, पुन्हा वर आली आणि जांभळ्या साडीच्या एका फुलाला वळसा घालून थांबली. ती थोरलीची. फुलावरनं सुई का नाही घातली विचारलं तर म्हणाली, "त्या बाईचं फूल आहे ना."

यावरनं घरात दोन पक्ष पडले. सासूबाई म्हणे उसव ते, वाकळ आहे का नागमोडी रस्ता. काकू म्हणे राहू दे, पोरीचा हात आहे. नवऱ्याला कुणी विचारलं नव्हतं तरी तो म्हणाला ऑफसाईड आहे. मी काहीच बोलले नाही, कारण माझ्या स्वतःच्या पहिल्या तीन फेऱ्या बघितल्या तर त्यापण फार सरळ नव्हत्या, फक्त मी मोठी असल्यामुळं कुणी बोललं नव्हतं. ओळ राहिली. तिच्या वरनं पुढची फेरी नेताना मलापण त्या फुलाला वळसा घालावा लागला आणि त्याच्या पुढच्या फेरीलापण. आता तिथं वाकळेवर ओळींचा एक भोवरा झालाय, घाटावर पाणी दगडाला वळतं तसा.

मग गणपती आले, ते झालं तशी नवरात्राची धुणी. घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं घेऊन अख्खी पेठ घाटावर, भिजलेल्या वाकळा पिळायला दोन टोकांना दोन माणसं लागतात, माझं दुसरं टोक नेहमी काकू धरतात. नवीन अजून अर्धवट म्हणून घरीच. त्यानंतर मात्र मी हट्टानं कुणाला हात लावू दिला नाही असं सांगायला आवडलं असतं, पण दुपारी मी दुकानात असते आणि दुपारी बायका येतात. मी रात्री एक फेरी घालायची, सकाळी ती काकू येऊन बघणार, दुपारी दोन फेऱ्या वाढलेल्या. हिशेबात सांगायचं तर ४० पैकी माझ्या पूर्ण फेऱ्या १९. थोरलीच्या शेवटी शेवटी दोन, आणि त्या सरळ आहेत. बारक्याचा एक टाका, कोपऱ्यात, तो त्यानं चार जणांना नेऊन दाखवला.

दिवाळीनंतर एका रविवारी झाली पुरी. सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं, पायाच्या अंगठ्यानं दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "जड झालीय." ही त्यांची शाबासकी असते. रात्री पोरांची भांडणं, जांभळी बाजू वर का इरकलाची वर, शेवटी जांभळी वर आणि मधी बाबा असं ठरलं. नवरा शिफ्टवरनं साडेबाराला आला, गार वारं सुटलेलं, हातपाय धुऊन वाकळेत शिरला आणि दोन मिनिटांत जोरात ओरडून बाहेर. मांडीत सुई.

वाकळेच्या पोटात, दोन थरांच्या मधे, कुणाची तरी सुई राहून गेली होती, दोऱ्याच्या वीतभर तुकड्यासकट. रात्री एकला लाईट लावून पोरांना उठवलं, सगळी वाकळ चाचपून काढली, अजून एखादी आहे का म्हणून घरातलं जुनं लोहचुंबक फिरवलं. नाही, एकच. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घेऊन मी गल्लीत फिरले. काकूंनी सुयांची डबी उघडून मोजल्या, पुऱ्या. मावशी म्हणाल्या माझ्या सुया मी गिऱ्हाईकालासुद्धा देत नाही. नर्सताई म्हणाल्या आम्ही कधी आत काही विसरत नाही हो. माझ्या पाकिटात मोजल्या तर माझ्यापण पुऱ्या आहेत.

सुई देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर काडेपेटीत ठेवलीय. जिची असेल तिनं घेऊन जावी.